आधी टाकीचा आवाज येतो

मनमाड जंक्शनवर उतरा. फलाटावरचा चहा घ्या आणि सावकाश प्या, कारण यानंतर आपल्याला चहा मिळणार नाही. आता दक्षिणेकडे बघा. लांबवर दोन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे आहेत, ते अंकाई आणि टंकाई. जवळच अंगठा वर केल्यासारखा एकटा सुळका, ती हडबीची शेंडी. एवढं नीट डोळ्यांत भरून घ्या. आपण जिथं निघालोय तिथं तुमच्या ओळखीचं तेवढंच उरणार आहे.

डोळे मिटा. आधी लाउडस्पीकरवरच्या बाईंचा आवाज जाईल. मग रुळांचं करकरणं, मग तारांमधली ती बारीक गुणगुण, जी तुम्ही रोज ऐकत होतात पण ऐकतोय हे कळत नव्हतं. ती गेली की कानात एकदम पोकळी होते. त्या पोकळीत वारा शिरतो, मागून गुराच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्याचा आवाज येतो आणि अंगावर काटा येतो, कारण थंडी आहे. माघ संपत आलाय, महाशिवरात्र आठवडाभरावर आहे. उघडा डोळे.

फलाट नाही, धान्याची गोदामं नाहीत. कुसळी गवताचा माळ आहे, मधूनमधून ज्वारीची रानं, बांधावर बोरी-बाभळी. डोंगर मात्र तेच. अंगठाही तसाच वर. तुमच्या अंगावर शिवलेलं काहीच नाही, एक धोतर, एक उपरणं, पायांत कच्च्या चामड्याच्या वहाणा. खिसा शोधू नका. काय असेल ते कनवटीला.

आपल्याला जायचंय सिन्नरला. ती वाट नैर्ऋत्येला जाते, पण आधी थोडी वाकडी वाट करून अंकाईच्या पायथ्याशी जाऊ. कशासाठी, ते जवळ गेल्यावर कान सांगतील. टिक्‌-टिक्‌-टक्‌. टिक्‌-टिक्‌-टक्‌. आधी वाटतं एखादा पक्षी असेल. मग एकाचे चार होतात, चाराचे दहा, आणि डोंगराच्या पोटातून ठिणग्यांसारखा आवाज उडायला लागतो. टंकाईच्या अंगावर जैनांची लेणी कोरणं चाललंय. वर चढा, पण तोंडावर उपरणं धरा. आत धूळ इतकी आहे की दिव्याभोवती तिचं कडं दिसतं. माणसं उकिडवी बसून खडकातून खांब मोकळे करताहेत. खांबाला तळखडा आहे, मधे पट्टे, वर तुळई पेलणारी तोंडं. एका लेण्यात हत्तीवरचा इंद्र आणि अंबिका ऐटीत बसलेत. छतातून मोठं कमळ उमलून खाली आलंय.

आता एक विचारतो. डोंगर पोकळ करताना छताला या खांबांची अशी काय गरज? डोंगर स्वतःच स्वतःला पेलतोय. तरी प्रत्येक खांब असा कोरलाय, जणू त्याच्या डोक्यावर खरंच शेकडो मण दगड आहे. कारण या माणसांनी बांधलेली देवळं पाहिली आहेत. देऊळ म्हणजे खांब, तुळई, चौकट, हे त्यांच्या डोळ्यांत बसलंय, म्हणून डोंगरातही ते बांधल्यासारखंच कोरतात. त्या डोळ्यांत बसलेल्या मूळ देवळाकडे आपल्याला जायचंय.

चला, सिन्नर. बैलगाडीनं तीन-चार दिवस धरून चाला. वाटेत व्यापाऱ्यांचे तांडे भेटतील, पाठीवर गोण्या लादलेले बैल, पाचोळ्यासारखी उडणारी धूळ, तोंडात चिकटणारी. भूक लागेल. पोटभर जेवाल, पण ठेचा मागू नका. मिरची या देशात यायला अजून काही शतकं आहेत. शेंगदाणा नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. तिखट हवं तर मिरी आहे, आलं आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ताक आणि या दिवसांत तर हुरडा! रानात शेकोटीभोवती बसा, गरम कणसं तळहातावर चोळा, फुंकर मारा आणि तोंडात टाका. त्या चवीत मात्र काही फरक नाही. लोकांचं बोलणं अर्धं कळेल. मराठीच आहे, पण ‘आहे’च्या जागी ‘असे’ कानावर पडेल आणि तुम्ही क्षणभर अडखळाल. हसा, म्हणजे समोरचाही हसेल.

गोदावरी पायउतार आहे. धरण नाही, बंधारा नाही. पाणी गुडघ्यापर्यंत, इतकं थंड की पिंढऱ्या बधिर होतात. पलीकडे वर चढलं की ओली वहाण चपचपत राहते, आणि त्या चपचपीतच दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नर येतं. जुन्या ताम्रपटांतलं सिंदीनगर. यादवांचं जुनं गाव आहे, पण राजाकडे आपलं काही काम नाही. गाव दिसायच्या आधी पुन्हा तोच आवाज येतो. या वेळी दहा टाक्यांचा नाही, शंभरांचा.

हे गोंदेश्वर. तुम्ही आज तिथं गेलात तर काळंभोर, शांत, हिरवळीतलं देऊळ दिसेल, चार-दोन माणसं फोटो काढत असतील. ते चित्र आता डोक्यातून काढून टाका. ताजा फोडलेला काळा दगड काळा नसतोच. तो राखेच्या रंगाचा असतो, जरा निळसर, आणि जिथं टाकी लागते तिथं पांढरा फटफटीत. काळेपण त्याच्यावर पुढच्या शेकडो पावसाळ्यांनी आणि उन्हाळ्यांनी चढवलंय. आज तुमच्यासमोर राखी, खरखरीत, पिठानं माखल्यासारखं देऊळ उभं आहे. मी तुमच्यासाठी मुद्दाम असा दिवस धरलाय की मधलं मोठं देऊळ झालंय, पूजा सुरू झालीय, आणि कोपऱ्यातल्या एका छोट्या देवळाचं काम अजून चाललंय. पाच देवळं आहेत इथं, म्हणून पंचायतन. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती. सगळी एकाच उंच चौथऱ्यावर.

आणखी एक. आपल्याकडे चुना न वापरता रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की लोक ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात. या देवळाला तसं म्हणू नका, मला खरंच वाईट वाटतं. हेमाद्री तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या आधीचं. हे घडवणारे हात त्या एका नावाखाली झाकले जाऊ नयेत.

देवळाकडे जायची घाई नको, आधी कामाच्या आवारात चला. वास येईल तिकडे. कोळशाचा धूर, तापलेलं लोखंड, बैलाचं शेण, माणसांचा घाम. आवाराचा जीव कोण, तर कोपऱ्यातला लोहार. पाथरवट शंभर असतील, पण लोहार थांबला की तासाभरात सगळे थांबतील. आपल्या डोंगराचा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो वाळूच्या दगडासारखा मऊ नाही. दगड टाकी खातो. सकाळी धार लावलेली टाकी थोड्या वेळात बोथट होते, म्हणून पोरं सारखी इकडून तिकडे पळताहेत, जाताना बोथट टाक्यांचा जुडगा, येताना धारेच्या.

भात्याजवळ बसा. उष्णतेनं तुमच्या भुवया कोरड्या पडतील, पण बघण्यासारखं आहे. लोहार टाकीचं टोक लाल करतो, ठोकतो, टोकच फक्त पाण्यात बुडवून बाहेर काढतो. चर्र! मग तो थांबतो. मागच्या गरम भागातली ऊब हळूहळू टोकाकडे सरकते आणि लोखंडावर रंग चढतो, आधी वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग जरा गडद. तो नेमक्या रंगाची वाट बघतोय. डोळा लवत नाही. रंग आला की पुन्हा पाण्यात. हे टाकीला पाणी देणं. थोडं अलीकडे केलं तर टोक तडकून उडेल, थोडं पलीकडे गेलं तर दगडावर वाकेल. तुम्ही आज देवळावर जी नाजूक नक्षी बघता ती या रंगाच्या नजरेवर तगलेली आहे. मी देवळाच्या इतिहासाची पुस्तकं वाचतो तेव्हा त्यात राजे असतात, शैली असतात. या भात्याला निदान एक ओळ मिळायला हवी होती.

आता पाथरवटांच्या ओळीत या. कोणी गेरूत भिजवलेली सुतळी ताणून दगडावर फटकारतो, लाल सरळ रेघ उमटते. कोणी ओळंबा धरून एक डोळा मिटून बसलाय. पलीकडे वीसेक माणसं आणि बैलांच्या जोड्या मिळून एक शिळा ओंडक्यांवरून ओढताहेत, पुढं मातीची चढण केलीय, त्यावरून ती वर जाणार. दोरखंड करकरतो. म्होरक्या ओरडतो, सगळे श्वास धरतात, शिळा वीतभर सरकते. पुन्हा ओरड, पुन्हा वीतभर. या दोरखंडाला हात घातलेल्यांपैकी सगळ्यांना उद्या गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं नाही. कित्येकांना चौथऱ्याच्या खालूनच हात जोडावे लागतील. त्यांच्या तळहातांवरचे घट्टे बघून ठेवा.

ओळीच्या टोकाला एक म्हातारा बसलाय. पाय पसरलेले, दोन्ही पायांच्या मधे दगड, पापण्यांवर पांढरी धूळ. तो काय करतोय ते वाकून बघा. वीतभर उंचीचं देऊळ. खाली इवलासा खांब, त्यावर निमुळतं होत जाणारं शिखर, वर चकती, त्यावर टोक. खेळण्यासारखं. शेजारी तसंच एक तयार पडलंय, त्याच्या शेजारी आणखी एक.

आता मान वर करा, मोठ्या देवळाच्या शिखराकडे. दिसलं? चारही दिशांना तळापासून माथ्यापर्यंत एकेक नक्षीचा पट्टा चढत गेलाय, त्याला लता म्हणतात. आणि त्या चार पट्ट्यांच्या मधल्या जागा या म्हाताऱ्याच्या खेळण्यांनी भरल्यात. ओळीवर ओळ, शिखरांवर शिखरं. या प्रकाराला भूमिज म्हणतात, आणि भूमी म्हणजे इथं माती नव्हे तर मजला. प्रत्येक मजल्यावरचं छोटं शिखर खालच्यापेक्षा थोडं लहान आणि सगळी मिळून जो आकार होतो तो पुन्हा तोच, एक मोठं शिखर. जणू देवळानं स्वतःचाच जप लावलाय.

म्हाताऱ्याच्या मांडीखाली खुणा केलेली एक काठी आहे. एका ओळीतली सगळी शिखरं त्या काठीवरच्या एका खुणेबरहुकूम, केसभरही कमीजास्त नाही. ओळ संपली की पुढची खूण. म्हणजे वर वर जाताना त्याचं काम लहान होत जातं पण सोपं होत नाही, कारण आकार आटला तरी नक्षी तेवढीच हवी. आयुष्यभर माणसानं एकच आकार कोरायचा, एकदा वीतभर, एकदा चार बोटं कमी. त्याला विचारावंसं वाटतं, कंटाळा नाही येत? विचारू नका. त्याची टाकी बघा. प्रत्येक पाकळीपाशी ती किंचित थांबते, जणू ही पाकळी तो पहिल्यांदाच बघतोय.

दुपार झाली. आता वहाणा काढा आणि चौथऱ्यावर चढा. पहिल्या पावलाला तोंडातून ‘हाय’ निघेल. माघातलं ऊन असलं तरी दगड तापलाय. तुम्ही आपोआप टाचा उचलून भराभर चालायला लागाल, आणि आपोआपच सावलीतून प्रदक्षिणा घालाल. देवळाच्या भिंती सरळ नाहीत. त्या कोनाकोनांनी आत-बाहेर होत जातात. तुमचं अंग भिंतीला घासून पुढं सरकतं तसं एकदा ऊन, एकदा सावली, एकदा ऊन. हे कोन कशासाठी, ते अशा वेळी कळतं. या दगडाला संगमरवरासारखी चमक नाही, वालुकाश्मासारखा रंग नाही. मग शिल्प दिसणार कसं? सावली कोरून. खाच जेवढी खोल तेवढी रेघ गडद. सकाळी जो थर उजळ होता तो आता अंधारात गेलाय आणि जो दिसतही नव्हता तो पुढं आलाय. संध्याकाळी पुन्हा वेगळाच. दिवसभर बसून राहिलात तर देऊळ तुमच्यासमोर हलेल.

उत्तरेच्या भिंतीशी थांबा. तिथं दगडाच्या मगरीचा जबडा बाहेर आलाय. मकरप्रणाल. आत पिंडीवर ओतलेलं पाणी, दूध, बेलाच्या पानांचे तुकडे इथून बाहेर येतात. त्याच्याखाली माशा, मुंग्या, एक शेपूट हलवणारं वासरू, आणि ओंजळ धरून उभी असलेली म्हातारी. आंबूस वास आहे. नाक मुरडू नका, देऊळ वापरात असल्याचा हा वास आहे. आज गोंदेश्वरात मला चुकल्यासारखं वाटतं ते याच वासावाचून.

समोर नंदीचा उघडा मंडप आहे. नंदीच्या पाठीवरून हात फिरवा, मग मंडपात शिरा. तीन बाजूंनी दरवाजे आहेत, तरी पाय ठेवल्याबरोबर तळव्यांना थंडावा लागतो. बाहेरच्या उजेडानं दिपलेल्या डोळ्यांना काही दिसत नाही. उभे राहा, धक्के बसतील, बसू द्या. तेल, ओलं सूत, झेंडूसारख्या पण झेंडू नसलेल्या कुठल्या तरी फुलांचा वास, घाम, धूप. झेंडूही अजून समुद्रापलीकडेच आहे. हळूहळू खांब अंधारातून वर येतात. चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, आणि अगदी वर पोट सुटलेले, गाल फुगलेले ठेंगू यक्ष, दोन्ही हात वर करून छत तोलून धरलेले. हे कीचक. त्यांच्याखाली उभे राहून हात वर करून बघा. शेजारचं पोर तेच करतंय आणि त्याची आई त्याला ओढतेय. टंकाईला खांबांनी ओझ्याचं सोंग घेतलं होतं. इथं मात्र खरंच त्यांच्या डोक्यावर छत आहे, आणि ते चुना न लावता उभं आहे. एका दगडाच्या अंगावर उंचवटा, दुसऱ्याच्या पोटात खाच. छताचे थर एकावर एक थोडे थोडे पुढं सरकवत आणलेत आणि शेवटी मधली उरलेली जागा एका शिळेनं झाकलीय. खाली ढकलायला निघालेलं वजनच त्यांना जागेवर धरून ठेवतं.

पायाखाली बघा, नाही तर ठेच लागेल. जमिनीत दगडी कासव आहे. पाय न लावता वळसा घाला, सगळे तसंच करताहेत. इतक्या दिवसांतच त्याच्या पाठीवर हात लावून लावून तेलाचा पहिला थर चढलाय. पुढं अंतराळ, आणखी अंधार. दाराच्या चौकटीवर एकात एक पट्ट्या, वेली, द्वारपाल, उंबरठ्यावर जबडा वासलेलं कीर्तिमुख. माणसं वाकून उंबरठ्याला हात लावतात आणि तो कपाळाला लावतात. गाभाऱ्यात तिळाच्या तेलाचा एकच दिवा. भिंती गुळगुळीत, रिकाम्या. बाहेर बोटभर जागा न सोडणाऱ्या पाथरवटांनी इथं टाकीच उचललेली नाही. फक्त पिंडी, तिच्यावर ठिबकणारं पाणी आणि तुमच्या श्वासाचा आवाज. बाहेरच्या उन्हातून इथपर्यंत तुम्हाला पावलापावलानं आणलंय, तापलेल्या तळव्यांनी, दिपलेल्या डोळ्यांनी, वाकलेल्या पाठीनं. नकाशा बघून देऊळ कळत नाही ते यासाठी.

चार दिवस राहा. शिवरात्रीच्या रात्री आवारात मुंगी शिरायला जागा नसेल. आजूबाजूच्या गावांतून माणसं गाड्या सोडून आलीत. पोरं खांद्यांवर झोपलीत. बेलाच्या पानांच्या टोपल्या डोक्यांवरून पुढं जातात, ओल्या कपड्यांचे गार फटके तोंडावर बसतात. शंख वाजतो तेव्हा तो मंडपाच्या दगडात घुमतो आणि बरगड्यांत लागतो. मशालींच्या उजेडात शिखरावरची छोटी शिखरं लुकलुकतात, जणू त्यातल्या प्रत्येकात कुणी दिवा लावलाय. म्हातारा कुठे दिसतोय का बघा. दिसणार नाही, पण गर्दीतल्या कुणाच्या तरी पापण्या पांढऱ्या आहेत.

पहाटे गर्दी पांगते. पत्रावळींचा खच, विझलेल्या शेकोट्या, भुंकून दमलेली कुत्री. आणि टिक्‌-टिक्‌-टक्‌. म्हातारा आपल्या जागेवर येऊन बसलाय. कोपऱ्यातल्या देवळाची पुढची ओळ आहे, काठीवरची खूण एक घर खाली सरकलीय. तुम्ही शेजारी उकिडवे बसता. तो तुमच्याकडे बघतो, काही न बोलता टाकी तुमच्या हातात देतो आणि बोटानं जागा दाखवतो.

टाकी वाटते त्यापेक्षा जड आहे आणि अजून कोमट. तुम्ही हातोडी उचलता, सगळा जीव एकवटून मारता. मनगटापासून दाढेपर्यंत झिणझिण्या. दगडावर काय उमटलं? ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. तोही रेघेच्या बाहेर.

म्हातारा टाकी परत घेतो. ठिपक्याकडे बघतो, मान जरा तिरकी करतो, काठी लावून बघतो. मग अलीकडून एक टवका, पलीकडून दोन, फुंकर. रेघ होती तिथून तसूभर सरकलीय आणि ठिपका आता एका पाकळीचा देठ आहे. तो दगड फिरवून पुढच्या पाकळीला लागतो.